सोमवारी समुद्र विश्रांती घेतो

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

मु. धाराशिव
ता. ९ जानेवारी १९४६

चि. सौ. महादेवीस शांतलिंगदादाचे अनेक आशीर्वाद.

यंदाच्या येळवशीलाही, मार्गशीर्ष अवसेच्या सणालाही, तुला माहेरी आणायला येता आलं नाही, याचं वाईट वाटतं. मुराळी म्हणून मीच निघणार होतो. पिशवी भरून दारात ठेवली होती. पण ऐन वेळी सासुरवाडीहून, बार्शीहून बोलावणं आलं आणि तिथं मुक्काम लांबला. तुझी वहिनी म्हणाली, मालवण काही कुठं पळून जात नाही. मलाही ते पटलं. आई बेंबळीच्या शेतात एकटीच गेली, कडब्याची खोप केली, पाच दगडांचे पांडव पुजले, भाज्या-डाळींची भज्जी आणि आंबील शेजारपाजारच्यांना वाढली. लेक सासरी गेल्यापासून एकाही येळवशीला आली नाही म्हणून जरा डोळे पुसले, एवढंच. बाकी सर्व खुशाल.

आता मुख्य मजकूर. शाळेतली मास्तरकी सांभाळून मी इथल्या वाचनालयाचा चिटणीस आहे, हे तू जाणतेसच. आमचे अध्यक्ष आण्णासाहेब मोठे जमीनदार. ते यंदा पदरच्या खर्चानं एक पुस्तक छापायचं म्हणतात. विषय कोणता घ्यावा यावर बराच खल झाला. इतिहासावर लिहिलं तर पोलिसांचा अमीन चौकशीला येतो. शेतीवर लिहिलं तर साऱ्याची गोष्ट निघते. धर्मावर तर सध्या तोंड उघडायचीच सोय नाही. शेवटी मी सुचवलं, समुद्र. निजाम सरकारच्या मुलखाला समुद्रच नाही, तेव्हा त्याविषयी काहीही लिहिलं तरी कुणाचं काही बिघडत नाही. सर्वांनी टाळ्या वाजवल्या आणि काम माझ्याच गळ्यात पडलं.

तरी किनाऱ्याच्या प्रांताचा भूगोल, तिथल्या लोकांची संस्कृती आणि प्रेक्षणीय स्थळं, यांची माहिती मुद्देसूद लिहून पाठव. समुद्राला पलीकडचा काठ असतो का, आणि असल्यास तिथं कोणतं गाव लागतं, तेही कळव. तुझं नाव पुस्तकात घालता येणार नाही. बाईमाणसानं सांगितलेल्या समुद्रावर वाचकांचा विश्वास बसायचा नाही. पण पुस्तक निघालं की पुढच्या येळवशीला मी स्वतः मुराळी म्हणून येतो, हा माझा शब्द.

तुझा,
शांतलिंगदादा


मु. मालवण
ता. ४ फेब्रुवारी १९४६

ती. दादांस महादेवीचा साष्टांग नमस्कार.

पिशवी भरून दारात ठेवली होती हे वाचून बरं वाटलं. मागच्या साली ती खुंटीवरच होती. अशीच सरकत राहिली तर उद्या मला लेक झाली की तिच्या लग्नापर्यंत येडशी स्टेशन गाठेल.

पत्र आलं तेव्हा सासूबाई ओट्यावर सुपारी कातरत बसल्या होत्या. म्हणाल्या, "काय म्हणतात माहेरचे?" मी म्हटलं, समुद्राची चौकशी करतात. त्या म्हणाल्या, "तुझ्या माहेरी माणसं आहेत, की नुसती पत्रंच?" सासूबाईंच्या, म्हणजे कस्तुराबाईंच्या, घरची रीत तुम्हाला ठाऊक आहे. माहेरचा मुराळी आल्याशिवाय सून उंबरा ओलांडत नाही. हे मला सोडायला एका पायावर तयार आहेत, पण आईचा शब्द ह्यांच्यानं मोडवत नाही.

असो. घ्या तुमचा भूगोल.

इथं काळी माती औषधालाही नाही. जमीन तांबडी, दगडही तांबडा, तो चिऱ्यासारखा कापून घरं बांधतात. ज्वारी दिसत नाही. भाकरी तांदळाची, ती तोंडात विरघळते आणि पोटात शोधून सापडत नाही. समुद्राला पलीकडचा काठ दिसत नाही. विचारलं तर लोक अरबस्तान म्हणतात, पण जाऊन आलेला अजून कुणी भेटला नाही. समुद्राचं पाणी रोज दोनदा मागं जातं आणि दोनदा परत येतं. त्याला ओहोटी-भरती म्हणतात. मला भरती आवडते. पत्र न पाठवता, पिशवी न भरता येते.

संस्कृती म्हणाल, तर इथले लोक बोलतात तेव्हा भांडतायत असं वाटतं. देवळापुढं रात्रभर दशावतारी नाटकं चालतात आणि सकाळी त्यातला राजा तोंडावरचा रंग तसाच ठेवून आमच्या दुकानात काड्याची पेटी घ्यायला येतो. आणि मासे. माशांवाचून इथं पान हलत नाही. गाबीत लोक पहाटे होड्या घालतात, जाळी ओढतात आणि बाजारात बांगड्या-पेडव्यांचे ढीग पडतात. आम्ही लिंगायतांची मोजकी घरं खिडक्या लावून बसतो. सासूबाई सारखा ऊद जाळतात. मला आता नुसत्या वासावरून कळतं, आज कुणाच्या चुलीवर काय आहे. हे आईला सांगू नका.

प्रेक्षणीय म्हणाल, तर समुद्रात महाराजांचा किल्ला आहे. होडीनं जावं लागतं. चहूकडं खारं पाणी आणि किल्ल्यातल्या विहिरी गोड्या. मी ते पाणी प्यायले आणि आपल्या मळ्यातल्या विहिरीची इतकी आठवण झाली की आणखी दोन ओंजळी प्यायले.

पुढच्या येळवशीचा शब्द मी धरून ठेवला आहे.

आपली,
महादेवी


मु. धाराशिव
ता. ११ एप्रिल १९४६

चि. सौ. महादेवीस अनेक आशीर्वाद.

माहिती पोचली. उपयुक्त आहे, पण कच्ची आहे. मी तिच्यावर संस्कार करत आहे.

पहिली अडचण माशांची. बैठकीत तुझा मजकूर माझा म्हणून वाचत होतो. बांगड्यांच्या ढिगापाशी आलो आणि कल्याणप्पा शेटजी उपरणं नाकाला लावून बाहेर गेले. वाचनालयाचे निम्मे वर्गणीदार आपले लिंगायत, उरलेले माळकरी. ठराव झाला की पुस्तकात मासे नसावेत. पण मासे काढले तर होड्या उरतात, जाळी उरतात, बाजारातले ढीग उरतात. त्यांचं करायचं काय? विचाराअंती मी 'जलभाजी' असा शब्द योजला. ही भाजी गाबीत लोक पहाटे जाळ्यानं काढतात, बाजारात ताजी मिळते, वास मेथीपेक्षा किंचित उग्र असतो. आण्णासाहेबांना शब्द फार आवडला.

दुसरं, भरती. तेरणेला पावसाळ्यात पूर येतो तेव्हा अख्खं तेर गाव काम टाकून बघायला जातं. असा पूर रोज दोनदा येऊ लागला तर त्या प्रांतात कामं कोण करील? तुझ्या लिहिण्यात चूक झाली असावी. मी ते वर्षातून दोनदा असं दुरुस्त केलं आहे. किल्ल्यातल्या गोड पाण्यावरून मी असं अनुमान काढलं की समुद्र काठाला खारट असला तरी मधोमध गोड असतो. ही गोष्ट आजवर कुणी नोंदवलेली दिसत नाही.

मागच्या आठवड्यात बेंबळीला जाऊन आईला काही प्रकरणं वाचून दाखवली. ती फार मन लावून ऐकते. तुझं पत्रही वाचलं, अर्थात आवश्यक तेवढंच. तू सुखात आहेस, हा सारांश सांगितला.

आता तिथल्या लोकांच्या धर्मभावनेविषयी काही पाठव. वाचकांना ते रुचतं.

तुझा,
शांतलिंगदादा


मु. मालवण
ता. ६ मे १९४६

ती. दादांस सा. नमस्कार.

तुमची जलभाजी ह्यांना वाचून दाखवली. हे गल्ल्यावर बसले होते, हसता हसता ठसका लागला, गिऱ्हाइकानं पाणी दिलं. आता रोज संध्याकाळी विचारतात, आज शेजारी कोणती जलभाजी शिजते?

धर्मभावना हवी ना? लिहून घ्या. इथला समुद्र कट्टर शिवभक्त आहे. सोमवारी त्याचा उपास असतो. त्या दिवशी लाटा उठत नाहीत, पाटावर बसल्यासारखा गप्प असतो, मंगळवारी पारणं फिटलं की पुन्हा सुरू. नारळ पडण्यापूर्वी खाली कोण आहे ते बघतो आणि गळ्यात लिंग दिसलं तर अंग चोरून पलीकडं पडतो. कोळंबी रोज सकाळी भस्म लावते. झालं का हसून? आता हे फाडून टाका आणि मूळ मजकूर जसाच्या तसा छापा. समुद्र आहे तसाही बरा आहे, त्याला तुमच्या दुरुस्तीची गरज नाही.

एक विचारते. आई मन लावून ऐकते असं तुम्ही लिहिता. ऐकते ते कळलं. पण बोलते काय? इतक्या वर्षांत तिचा म्हणून एक निरोप मला आला नाही. मी दर पत्रात तिला विचारते. तुम्ही ते तिला वाचून दाखवता ना?

आपली,
महादेवी


मु. धाराशिव
ता. १९ ऑगस्ट १९४६

चि. सौ. महादेवीस अनेक आशीर्वाद.

आनंदाची बातमी. पुस्तक सोलापुरात छापून आलं. नाव 'सागरतीर: प्रत्यक्ष पाहिलेले'. जकातीच्या करोडगिरी नाक्यावर गठ्ठे अडवले होते. शिपायानं विचारलं, यात काय आहे? मी म्हटलं, समुद्र. त्यानं गठ्ठा हलवून पाहिला आणि सोडून दिला.

समुद्राच्या सोमवारच्या उपासाचं प्रकरण सर्वांत गाजत आहे. तू फाडून टाका असं लिहिलंस, हा तुझा विनय. कोळंबी मात्र वगळली, ती कोणत्या जातीची बाई ते तू लिहिलं नव्हतंस. कल्याणप्पा शेटजींनी ते प्रकरण दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाले, मास्तर, तुम्ही जाऊन आलात म्हणून आम्हाला हे कळलं.

इथं थोडा खुलासा करतो. पुस्तक 'मी पाहिले, मी चाखले' अशा भाषेत आहे. त्यामुळं लोकांनी मी जाऊन आलो असं धरलं. मी ते खोडलं नाही. मागल्या येळवशीच्या वेळी मी गावात नव्हतोच, तो बार्शीचा मुक्काम कामी आला. आता इतका दूर जाऊन बहिणीला भेटलो नाही, आणि भेटूनही तिला आणलं नाही, हे कसं दिसेल? म्हणून शेवटचं प्रकरण 'भगिनीची भेट' असं घातलं. त्यात तू निरोप देताना म्हणतेस, "दादा, मला इथंच गोड वाटतं. आता माहेरची ओढ उरली नाही." बायका ऐकताना रडतात. आईलाही मी तेच सांगितलं. ती म्हणाली, "बरं. सुखात हाय न्हवं."

कुणी पत्र पाठवून विचारलंच तर तू होय म्हणावंस.

आणखी एक. आण्णासाहेबांनी माझा सत्कार ठरवला आहे, तो येळवशीच्याच दिवशी, बेंबळीच्या त्यांच्या मळ्यात. तहसीलदारसाहेब येणार आहेत. त्यामुळं यंदा मुराळी म्हणून निघणं अशक्य. शिवाय पुस्तकात तू यायचं नाही म्हणालीस. आता आलीस तर विसंगती होईल.

तुझा,
शांतलिंगदादा


मु. मालवण
ता. १० सप्टेंबर १९४६

दादा,

मी कधी नको म्हणाले? कुणाला म्हणाले?

समुद्राचं तुम्ही काय वाटेल ते केलंत, मी हसले. त्याला दुखत नाही. पण आई चार वर्षं वाट बघत होती आणि तुम्ही तिला सांगितलंत की लेकीला ओढ उरली नाही. कोणत्या तोंडानं सांगितलंत? तिला मी परस्पर पत्र लिहावं, तर पत्र तुमच्या पत्त्यावर येतं आणि वाचणारे तुम्हीच.

तिला खरं सांगा. तुमच्या पुस्तकातल्या बाईला तिथंच गोड वाटत असेल तर तिला सुखानं तिथं ठेवा. मला घरी यायचं आहे. मला आईच्या हातची भज्जी शेतात बसून खायची आहे. याचा सारांश करू नका, जसंच्या तसं वाचून दाखवा.

महादेवी


मु. धाराशिव
ता. ४ डिसेंबर १९४६

चि. सौ. महादेवीस आशीर्वाद.

मधल्या काळात सत्काराच्या गडबडीत उत्तर राहिलं. आता घाईनं लिहितो.

आई बेंबळीत नाही. काल मी सत्काराचं निमंत्रण द्यायला गेलो तर दाराला कुलूप. चौकशी केली तेव्हा कळलं की शेजारी रुद्रम्मा म्हणून नवी सून आली आहे, तिला वाचता येतं. आईनं तिच्याकडून माझं पुस्तक वाचून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी बाजरीचे उंडे बांधून निघाली. आपल्या भावकीतला बलभीम गुळाच्या खरेदीला कोल्हापूरला निघाला होता, त्याच्यासोबत येडशीहून लहान गाडीनं गेली. निघताना म्हणाली म्हणे, "शांतलिंग जाऊन आला, मग मला काय धाड भरलीय?" पुस्तक बरोबर घेतलं आहे.

कोल्हापूरहून पुढं मोटारीनं ती तुझ्याकडं पोचेल. तेव्हा माझं एक ऐक. तिला सोमवारी समुद्रावर नेऊ नकोस. बाजारातून नेऊ नकोस. होडीत तर मुळीच बसवू नकोस. ती थकलेली असेल, घरातच निजू दे. किनारा दाखवायचाच झाला तर संध्याकाळी लांबून दाखव. ओहोटी असेल तर वर्षातली दुसरी आहे असं सांग. इथं तहसीलदारसाहेब येणार, हार येणार, आणि आईला चारचौघांत कुठं गप्प बसावं ते कळत नाही, हे तू जाणतेस. माझी अब्रू तुझ्या हाती आहे. तिची तब्येतही कळव.

तुझा,
शांतलिंगदादा


मु. मालवण
ता. ११ डिसेंबर १९४६

ती. दादांस महादेवीचा साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं, पण आई त्याच्या आधी पोचली. तब्येत तुम्ही शेवटी विचारलीत, मी आधी सांगते. पाय सुजलेत. बाकी ठणठणीत.

शनिवारी दुपारी बाजारातली एक गाबतीण हसत हसत आमच्या दारात आली. म्हणाली, "वयनी, तुजी आवस इली. जलभाजी मागता हा." मी हातातलं सूप टाकून धावले. आई मासळीबाजाराच्या तोंडाशी गाठोडं धरून उभी. मला बघून रडेल असं वाटलं, तर तक्रारच सुरू केली. "लेकीच्या घरी मोकळ्या हातानं कसं जावं? म्हणलं शांतलिंगानं लिवलंय ती भाजी घ्यावी. त्या बाईनं टोपली पुढं केली, तर ती भाजी माझ्याकडंच बघायली की गं." मग मीच रडले. भर बाजारात, त्या वासात, तिला मिठी मारून रडले.

घरी सासूबाईंनी विचारलं, "मुराळी कोण आला?" आई ओट्याच्या पायरीवरच बसली होती. म्हणाली, "म्याच. पोरगा येतो येतो म्हणतोय, त्याला सवड न्हाय." सासूबाईंनी अडकित्ता खाली ठेवला. आईनं गाठोड्यातून स्वतःचे उंडे काढले. लेकीच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही ही आपली रीत ती कशी मोडणार? सासूबाई बराच वेळ बघत होत्या. मग आत जाऊन त्यांनी पाट मांडला आणि म्हणाल्या, "आई म्हणून जेवू नका. मुराळी म्हणून जेवा. आमच्या घरचा मुराळी कधी उपाशी गेलेला नाही." आई जेवली. तांदळाची भाकरी बघून एवढंच म्हणाली, "लई पातळ मुलूख हाय बाई तुमचा."

रविवारी म्हटलं, चल समुद्र दाखवते. नको म्हणाली. "उद्या सोमवार. तवा निवांत बघू." तुम्ही लिहिलंत ते टाळणं माझ्या हातात नव्हतं, दादा. सोमवारी गेलो. भरती होती, लाटा ओट्याएवढ्या उठत होत्या. आई पदर दातात धरून कितीतरी वेळ उभी होती. मग म्हणाली, "महादेवे, आज वार कोणता?"

"सोमवार."

"मग ह्यानं उपास मोडलाय."

मी हसता हसता वाळूत बसले. ती पण बसली आणि लाटांकडं बघतच बोलली. "समुद्राचं म्या समदं खरं धरलं व्हतं. म्या कुठं बघितलाय समुद्र. पण माझी लेक येळवशीला येत न्हाय म्हणती, हे रुद्रम्मानं वाचलं आन म्या तिला पुस्तक मिटाय लावलं. शांतलिंगानं तोंडानं सांगितलं तवा म्या बरं म्हणलं. पोटचा हाय, त्याच्या तोंडावर खोटा कसा म्हणू? पण लेकीला म्या वळखते. तेवढं एकच बघाय आले."

मी तिला काही सांगितलं नाही, दादा. तुमची पत्रं पेटीत आहेत, ती तशीच राहतील. सांगायला काही उरलंच नव्हतं.

काल किल्ल्यावर गेलो. हेही आले होते, दुकान बंद ठेवून. अर्ध्या वाटेत आईनं होडी थांबवायला लावली. नावाड्याला विचारलं, "बाबा, हेच का मधोमध?" तो म्हणाला, हेच. तिनं गाठोड्यातली बाटली काढून पाण्यात बुडवली, बोट घालून चाखलं, थुंकली आणि बूच घट्ट लावलं. घरी आल्यावर मला म्हणाली, "सत्काराच्या दिवशी शांतलिंगाचा घसा कोरडा पडंल भाषण करून. तहसीलदारासमोर ह्यातलं पेलाभर देईन त्याला. गोड लागतं म्हणं."

मी तिला अडवणार नाही. तुम्ही चाखलंय असं लिहिलं आहेच, एकदा चाखूनही घ्या. लिहिलेल्यातलं तेवढं तरी खरं होईल.

सासूबाईंनी माझी ओटी भरली. आम्ही येळवशीच्या आदल्या दिवशी सकाळच्या लहान गाडीनं येडशीला उतरू. आईच्यानं चालवत नाही. बैलगाडी घेऊन स्टेशनावर या. तेवढ्या वाटेपुरते तरी मुराळी व्हा.

आपली,
महादेवी